नेट न्यूट्रॅलिटी: दराचा प्रश्न २०१६ला सुटला, वेगाचा अजून बाकी आहे

सांधेवाला | सोम, २१:१०

'फेअर शेअर'ची मागणी पुन्हा जोरात आहे. मोबाइल कंपन्यांचं म्हणणं असं, की यूट्यूब, नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम यांच्या व्हिडिओंनी नेटवर्कचा बहुतेक भार व्यापलाय, तेव्हा नेटवर्क उभारणीच्या खर्चात त्यांनी वाटा उचलावा. यावरच्या चर्चांमध्ये बरेच जण 'आपल्याकडे नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा झालाय, आता काळजी नाही' असं लिहिताना दिसतात. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे कुठली साइट किंवा अ‍ॅप आहे हे बघून कंपनीने दर किंवा वेग बदलायचा नाही. त्याचे नियम झालेत, पण त्यांच्या दोन बाजू आहेत, दराची आणि वेगाची, आणि दोन्ही सारख्या भक्कम नाहीत. म्हणून हा धागा.

सुरुवात डिसेंबर २०१४ला झाली. एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेटवरून केलेले कॉल नेहमीच्या डेटा पॅकमधून वजा होणार नाहीत, त्यांना वेगळा दर लागेल: थ्रीजीवर १० केबीला ४ पैसे, टूजीवर १० केबीला १० पैसे. ऐकायला हे पैसे किरकोळ वाटतात. हिशेब करून बघा. १ जीबी म्हणजे साधारण १,०४,८५७ वेळा १० केबी. ४ पैशांनी ते होतात सुमारे ४,२०० रुपये. तेव्हा १ जीबीचा थ्रीजी पॅक अडीचशेच्या आसपास मिळत होता. वायरही तीच आणि बाइटही तेच, तरी आत कॉल आहे म्हणून भाव सोळापट. ओरड झाली आणि काही दिवसांत कंपनीने हा प्रस्ताव मागे घेतला.

२७ मार्च २०१५ला ट्रायचं (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं) ११८ पानी सल्लामसलत-पत्र आलं, त्यात २० प्रश्न होते. एप्रिलमध्ये 'एअरटेल झीरो' आलं: अ‍ॅपवाल्याने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते अ‍ॅप फुकट. फ्लिपकार्ट त्यातून १४ एप्रिलला बाहेर पडलं. त्याआधी फेब्रुवारीत फेसबुकचं इंटरनेट डॉट ऑर्ग रिलायन्स कम्युनिकेशन्सवर सहा राज्यांत सुरू झालं होतं आणि त्या सहांत महाराष्ट्र होता. पुढे त्याचंच नाव 'फ्री बेसिक्स' झालं. मोजक्या साइट फुकट, त्याही फेसबुकच्या मध्यस्थ सर्व्हरमधून. व्हिडिओ नाही, जावास्क्रिप्ट नाही. यादीत यायचं तर फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळायच्या.

८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने विनियम काढला. आशयानुसार डेटाचा दर वेगळा ठेवायचा नाही. मोडला तर रोज ५०,००० रुपये, कमाल ५० लाख. तीन दिवसांनी फ्री बेसिक्स भारतातून गेलं.

पण हा विनियम दराचा आहे. अमुक साइट मुद्दाम हळू केली तर काय, हे त्यात नाही. त्यासाठी ट्रायच्या २८ नोव्हेंबर २०१७च्या शिफारशी आल्या, जुलै २०१८मध्ये दूरसंचार आयोगाने त्या मान्य केल्या आणि मग कंपन्यांच्या परवान्यात कलम आलं. वेगाची सगळी सुरक्षा त्या परवान्याच्या अटीवर उभी आहे. ती पाळली जाते का, हे कोण बघतं? माझ्या मते गाडी इथेच अडलेली आहे.

---

घाटावरची | सोम, २१:४८

वाचनखूण साठवली. एक शंका आधी मिटवावी, कारण प्रत्येक चर्चेत गोंधळ इथूनच सुरू होतो. रिचार्जसोबत ओटीटीचं सदस्यत्व मिळतं. रात्री १२ ते सकाळी ६ डेटा मोफत असतो. दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. यातलं नियमभंग काय?

---

कलम_११ | सोम, २२:३०

@घाटावरची, तिन्ही नियमात बसतात. कसोटी एकच आहे: बाइट कुठून आला, त्यात काय आहे, हे बघून दर किंवा वेग बदलतो का?

रात्रीचा मोफत डेटा सगळ्याच साइटना लागू असतो. कोटा संपल्यावर विकिपीडियाही तितकाच रखडतो नि यूट्यूबही. ग्राहकाला त्रास होतो हे खरं, पण भेदभाव होत नाही. ओटीटीच्या सदस्यत्वात कंपनी तुमच्या वतीने वर्गणी भरते. ती मालिका बघताना डेटा नेहमीसारखाच कोट्यातून वजा होत असेल तर विनियम मोडत नाही. 'ही सेवा बघताना डेटा कापला जाणार नाही' असं असेल तर मोडतो. २०१६आधी मिळायचे तसे फक्त व्हॉट्सअ‍ॅपचे किंवा फक्त फेसबुकचे पॅक आज विकता येत नाहीत, ते याच कारणाने.

दोन अपवाद ध्यानात ठेवा. पहिला आपत्कालीन सेवांचा: त्यांचा दर कमी करता येतो, पण सात कामकाजी दिवसांत ट्रायला कळवावं लागतं. दुसरा बंद नेटवर्कचा: जिथे इंटरनेटला हातच लागत नाही, कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमध्येच आशय फिरतो. हा दुसरा अपवाद जास्त जपायला हवा. विनियमाला बगल द्यायला तो वापरायचा नाही असं त्यातच लिहिलंय, पण बगल दिली की नाही हे ठरवायला आतल्या जोडण्यांची माहिती लागते आणि ती बाहेर कुणाकडेच नसते.

परवान्यातलं कलम विनियमापेक्षा व्यापक आहे. आशय अडवणं, त्याचा दर्जा खालावणं, वेग कमी करणं, एखाद्याला जास्त वेग किंवा प्राधान्य देणं, सगळं भेदभावात मोडतं. रहदारीचं व्यवस्थापन चालतं, मात्र ते प्रमाणशीर, तात्पुरतं आणि पारदर्शक हवं. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश याच्या बाहेर. म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली साइट बंद झाली किंवा जिल्ह्याचं इंटरनेट तोडलं गेलं, तर दाद मागायची वाट वेगळी. ते विषय गंभीर आहेत, पण या धाग्यात मिसळू नयेत.

---

मनोरा | मंगळ, ०९:१५

दुसरी बाजूही नीट मांडली जावी. स्पेक्ट्रमचे पैसे कंपनी भरते. टॉवरचं भाडं, वीज, डिझेल, फायबर खोदाईच्या परवानग्या, सगळं कंपनीच्या माथी. भार संध्याकाळी ८ ते ११मध्ये एकवटतो आणि नेटवर्क त्या तीन तासांसाठी बांधावं लागतं. तो भार मोजक्या चार-पाच कंपन्यांच्या व्हिडिओचा असतो. त्यांनी व्हिडिओचा बिटरेट वाढवला की टॉवरची क्षमता वाढवायचा खर्च आमच्या क्षेत्राला येतो, त्यांना शून्य. मार्च २०२०च्या टाळेबंदीत याच कंपन्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ ४८०पीपर्यंत खाली आणला होता. याचा अर्थ भार कमी करणं त्यांच्या हातात आहे. मग खर्चात वाटा मागितला तर त्यात अन्याय काय?

---

पॅकेट_पारखी | मंगळ, १०:४०

@मनोरा, संध्याकाळच्या भाराबद्दल पूर्ण सहमत. रेडिओचा खर्च खरा आहे आणि तो कमी लेखू नये. मात्र 'त्यांना शून्य' हे बरोबर नाही.

मोठ्या व्हिडिओ कंपन्या त्यांचे साठवण-सर्व्हर थेट इंटरनेट कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये ठेवतात. नेटफ्लिक्सचं ओपन कनेक्ट, गूगलचं ग्लोबल कॅश ही त्याची उदाहरणं. पेटी त्यांची, जागा नि वीज बहुधा इंटरनेट कंपनीची. लोकप्रिय व्हिडिओ एकदा समुद्राखालच्या केबलने मुंबईत येतो आणि मग लाखो वेळा तिथूनच दिला जातो. त्यामुळे इंटरनेट कंपनीचा परदेशी बँडविड्थचा खर्च प्रचंड वाचतो. म्हणूनच या पेट्या दोघांनाही हव्या असतात.

दुसरं असं, की नेटफ्लिक्स आपण होऊन कुणाच्या फोनवर काही ढकलत नाही. ग्राहक मागतो तेव्हाच बाइट निघतो आणि त्या बाइटचे पैसे ग्राहकाने रिचार्जमध्ये भरलेले असतात. खर्च भागत नसेल तर दर वाढवता येतो. डेटाचे दर ट्रायने मोकळे ठेवलेत आणि गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी ते वाढवलेही आहेत. एकाच बाइटचे पैसे दोन्ही टोकांनी मागायचे तर आधी या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं: समोरच्याने दिले नाहीत तर काय करणार?

---

सांधेवाला | मंगळ, ११:२५

@पॅकेट_पारखी, सगळं या प्रश्नावर येऊन ठेपतं. वसुलीचं हत्यार एकच आहे: दोन नेटवर्कं जिथे जोडली जातात तो सांधा मुद्दाम अरुंद ठेवायचा.

अमेरिकेत हे झालेलं आहे. २०१३च्या अखेरीस कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्स अडखळत दिसू लागलं. नेटवर्कच्या आत कुणी कुठला नियम लावून वेग कापत नव्हतं. ज्या दुव्यांवरून नेटफ्लिक्सची रहदारी आत यायची ते भरून वाहत होते आणि त्यांची क्षमता वाढवली जात नव्हती. फेब्रुवारी २०१४मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी पैसे मोजायचं कबूल केलं आणि वेग सुधारला.

आता आपलं कलम बघा. आत भेदभाव केला तर ते लागू होतं. पण साठवण-सर्व्हरांचं जाळं ट्रायच्या २०१७च्या शिफारशींनीच कक्षेबाहेर ठेवलंय आणि दुवा किती रुंद ठेवायचा हा दोन कंपन्यांमधला खाजगी व्यवहार मानला जातो. दुवा १०० जीबीपीएसचा, मागणी १४०ची. वाढवायला एक पोर्ट आणि दोन-चार आठवडे लागतात. तो वाढवलाच नाही, तर कोणतं कलम मोडलं? कागदावर कोणतंच नाही. 'फेअर शेअर'ला पाठिंबा देणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं अशी कळकळीची विनंती.

---

दक्षिणकाठ | मंगळ, १३:०५

यावर दक्षिण कोरियाचा अनुभव जरूर बघावा. तिथे हे प्रत्यक्ष करून पाहिलंय.

२०१६पासून तिथल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांमध्ये 'पाठवणाऱ्याने पैसे द्यायचे' असा नियम लागू झाला. तेव्हा फेसबुकचा साठवण-सर्व्हर केटी या कंपनीत होता आणि इतर कंपन्यांच्या ग्राहकांनाही तिथून आशय जायचा. नव्या नियमाने झालं असं, की ज्याच्याकडे सर्व्हर त्यालाच दुसऱ्यांना पैसे द्यावे लागायला लागले. केटीने तो खर्च फेसबुककडे मागितला. फेसबुकने इतर कंपन्यांची रहदारी परदेशातून वळवली आणि त्यांच्या ग्राहकांचं फेसबुक मंदावलं. म्हणजे लोकप्रिय आशय जवळ ठेवणाऱ्याला या नियमाने भुर्दंड बसवला. हे उफराटं आहे.

पुढे एसके ब्रॉडबँड ही तिथली इंटरनेट कंपनी आणि नेटफ्लिक्स यांची कोर्टकचेरी २०२३मध्ये तडजोडीने संपली. गेमचं थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या ट्विचने सप्टेंबर २०२२मध्ये कोरियात व्हिडिओचा दर्जा ७२०पीवर आणला आणि २७ फेब्रुवारी २०२४ला सेवाच गुंडाळली. नेटवर्कचं शुल्क इतर बहुतेक देशांच्या दहापट पडतं, असं कारण त्यांनी दिलं होतं. मोठी कंपनी घासाघीस करून तगते. मधल्या आकाराची निघून जाते. आपल्याकडे मराठी मालिका, नाटकं, शिकवण्या दाखवणारे छोटे मंच आहेत. गूगलशी जसा करार होईल तसा त्यांच्याशी कुणी करणार नाही.

---

मनोरा | मंगळ, १४:५०

@दक्षिणकाठ, कोरियाचा नियम चुकीच्या जागी लावला गेला हे मान्य. आपल्याकडची मागणी ठरावीक मर्यादेवरच्या मोठ्या कंपन्यांपुरती आहे, त्यामुळे छोट्या मंचांना झळ बसू नये. पण @सांधेवाला यांच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. दुव्यांवरच्या भाराची आकडेवारी जाहीर करण्याची सक्ती झाली तर तिला माझा विरोध नसेल. प्रामाणिक कंपनीचं त्यात नुकसान नाही.

---

घाटावरची | मंगळ, १६:१०

आकडेवारी येईल तेव्हा येवो. आज ग्राहकाला घरबसल्या तपासता येतं का? 'यूट्यूब हळू चालतंय' यावरून तर काहीच सिद्ध होत नाही.

---

पॅकेट_पारखी | मंगळ, १८:३५

तपासता येतं, पण शिस्तीने करावं लागतं. सविस्तर लिहितो.

आधी वेग कसा कापतात ते. पान सुरक्षित असलं तरी जोडणीच्या पहिल्या पॅकेटमध्ये साइटचं नाव बहुधा उघडं जातं. त्याला एसएनआय म्हणतात. मधलं यंत्र ते नाव वाचून त्या जोडणीला वेगळ्या रांगेत टाकतं आणि वेगाला टोपी, म्हणजे कमाल मर्यादा, घालतं. अमेरिकेत टी-मोबाइल या मोबाइल कंपनीने २०१५च्या नोव्हेंबरात 'बिंज ऑन' आणलं तेव्हा व्हिडिओला १.५ एमबीपीएसची टोपी होती. ४८०पी त्यात बसतं. ७२०पीला साधारण अडीच ते तीन लागतात, म्हणून ते अडखळतं. टोपीची खूण म्हणजे सपाट रेषा: दुपारी ३ला मोजा की रात्री १०ला, आकडा तोच. गर्दीची खूण वेगळी: आकडा वरखाली नाचतो आणि रात्री पडतो.

साधन म्हणून वीही हे मोफत अ‍ॅप घ्या, अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांचं आहे. यूट्यूब, नेटफ्लिक्स वगैरेंची आधी टिपून ठेवलेली रहदारी ते तुमच्या नेटवर्कवरून दोनदा पाठवतं. एकदा जशीच्या तशी, एकदा ओळखू येणार नाही अशी विस्कटून. सर्व्हर तोच, आकारमान तेच. विस्कटलेली वेगाने गेली आणि मूळ रखडली, तर कुणीतरी आशय ओळखून हात लावतंय.

चाचणी अशी करा. वायफाय बंद, मागे चालणारी अ‍ॅप बंद, व्हीपीएन बंद. दिवसाचा कोटा शिल्लक आहे ना ते बघा. ६४ केबीपीएसवर आल्यावर केलेली चाचणी टाकाऊ, आणि सर्वाधिक चाचण्या याच कारणाने वाया जातात. फोन एका जागी ठेवा आणि सिग्नलची ताकद लिहून घ्या: उणे ८०–९० डीबीएम चांगली, उणे ११०च्या खाली असेल तर मोजू नका. सकाळ, दुपार, रात्र, प्रत्येक वेळी किमान पाच जोड्या, असे तीन दिवस. दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्याच जागी तेही मोजा.

हमखास होणाऱ्या चुका:

वेगमापक साइटचा आकडा पुरावा म्हणून देणं. तिचा सर्व्हर बहुधा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो, त्यामुळे बाहेरचा भरलेला सांधा त्यात दिसतच नाही. मोजायचंच तर सर्व्हर हाताने निवडा, दुसऱ्या नेटवर्कमधला. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅपही एकूण वेग सांगतं, भेदभाव सांगत नाही.

'व्हीपीएन लावल्यावर वेग वाढला, म्हणजे कापाकापी सिद्ध झाली.' असं होत नाही. व्हीपीएनने रस्ताच बदलतो, भरलेला दुवा टळतो. वीही स्वच्छ निघालं आणि व्हीपीएनने फरक पडत असेल, तर संशय टोपीवर घेऊ नका, सांध्यावर घ्या. @सांधेवाला म्हणतात तो प्रकार इथेच हाती लागतो.

क्विक विसरणं. क्विक ही डेटा पाठवायची नवी पद्धत, ती यूडीपी या प्रकारच्या पॅकेटवर चालते आणि यूट्यूब बहुधा तीच वापरतं (यूडीपी ४४३). नेटवर्क यूडीपीच दाबत असेल तर यूट्यूब रखडेल, पण कारण आशय नसेल. क्रोमच्या प्रायोगिक सेटिंगमध्ये क्विक बंद करून तोच व्हिडिओ पुन्हा लावा.

साइट उघडतच नसेल तर ऊनी प्रोब हे तपासणीचं अ‍ॅप वापरा. अडथळा साइटच्या नावावरून पत्ता शोधताना (डीएनएस) येतो, जोडणीत येतो की एसएनआयवर, हे ते अ‍ॅप वेगळं करून दाखवतं. त्याचे निकाल आपोआप जाहीर होतात, चालवण्याआधी तिथली धोक्याची सूचना नक्की वाचा.

---

कलम_११ | मंगळ, २०:२०

फार उपयोगी प्रतिसाद. हा पुरावा घेऊन जायचं कुठे, ते जोडतो.

पहिली पायरी कंपनी. १९८वर तक्रार नोंदवा आणि एसएमएसने येणारा तक्रार क्रमांक जपून ठेवा, तो नसेल तर पुढची दारं उघडत नाहीत. तक्रार 'नेट स्लो आहे' अशी लिहू नका, ती सिग्नलच्या खात्यात जाऊन बंद होते. 'परवान्यातील नेट न्यूट्रॅलिटीच्या अटीचा भंग: अमुक सेवेचा वेग आशयानुसार कमी' असं लिहा आणि तारखा, वेळा, ठिकाण, आकडे द्या. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील. निर्णयाला ३९ दिवसांची मुदत आहे.

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. मात्र दराचा भेदभाव दिसला तर पॅकच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट नि अटींची प्रत ट्रायला थेट पाठवा. ती तुमच्या बिलाची तक्रार नसते, विनियमभंगाची माहिती असते आणि तिच्यावर ट्राय स्वतः कारवाई करू शकतं. परवान्याच्या अटीचा भंग असेल तर दूरसंचार विभाग, सीपीग्रॅम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून.

टीडीसॅटमध्ये (दूरसंचार तंट्यांच्या न्यायाधिकरणात) एकटा ग्राहक जाऊ शकत नाही. ट्राय कायद्याच्या कलम १४मध्ये 'ग्राहकांचा गट' असे शब्द आहेत. तेव्हा पाच-दहा जणांनी एकाच पद्धतीने मोजलेलं असेल तर त्याला वजन येतं. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालत नाहीत हा जुना समज सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२च्या निकालात मोडीत काढलाय.

---

सांधेवाला | बुध, ०८:५५

@कलम_११, म्हणूनच देखरेख मंडळाचा आग्रह. २२ सप्टेंबर २०२०ला ट्रायने शिफारस केली होती: दूरसंचार कंपन्या, आशय पुरवणारे, संशोधक, ग्राहक संघटना यांचं बहुपक्षीय मंडळ असावं आणि रहदारी व्यवस्थापनाच्या मान्य पद्धतींची यादी असावी. त्याला इतकी वर्षं लोटली, तरी ग्राहकाने उघडून बघावी अशी यादी समोर नाही. यादीच नाही तर 'हे व्यवस्थापन वाजवी होतं' या उत्तराला खोडायचं कशाच्या आधारे?

आणखी एक. दूरसंचार कायदा २०२३ने परवान्याची जागा ऑथरायझेशनला दिली आहे. वेगाची आपली सुरक्षा परवान्याच्या अटीत होती. प्रत्येक नव्या नियमावलीत ते कलम शब्दशः उतरलंय का, हे वाचणं आपलं काम आहे. अमेरिकेत काय झालं बघा: नियम २०१५ला आले, डिसेंबर २०१७ला काढले, एप्रिल २०२४ला परत आणले आणि २ जानेवारी २०२५ला अपील न्यायालयाने ते रद्द ठरवले. तिथल्या दूरसंचार आयोगाच्या (एफसीसी) अधिकाराचा पाया मूळ कायद्यात स्पष्ट नसल्याने हे झालं. आपल्या २०१६च्या विनियमाला ट्राय कायद्याचा आधार आहे, वेगाच्या कलमालाही तसा कायद्याचा आधार हवा.

---

दक्षिणकाठ | बुध, १०:३०

फाइव्हजी स्लायसिंगचं काय? एकाच टॉवरवर नेटवर्कच्या वेगवेगळ्या हमीच्या 'फाळक्या', म्हणजे स्वतंत्र हिस्से, करता येतात. शस्त्रक्रियेसाठी किंवा कारखान्यातल्या यंत्रांसाठी वेगळी फाळकी ठेवली तर हरकत नसावी.

---

कलम_११ | बुध, ११:४५

हरकत नाही, 'विशेषीकृत सेवा' आपल्या चौकटीतून वगळलेल्याच आहेत. दोन अटी पाहायच्या. ती सेवा साध्या इंटरनेटची जागा घेणारी नसावी आणि तिच्यामुळे साध्या इंटरनेटचा दर्जा घसरू नये. कारखान्याची फाळकी दोन्हींत बसते. 'अमुक गेमसाठी खास फाळकी' पहिल्याच अटीवर पडते. सगळं इंटरनेट जरा वेगाने देणारा महागडा पॅक मात्र चालतो, कारण कुठली साइट उघडायची ते ग्राहक ठरवतो.

---

मनोरा | बुध, १२:२०

दुसरी अट मोजणार कशी? रेडिओची क्षमता ठरलेली आहे, फाळकीला दिलेली क्षमता उरलेल्यांतून वजा होतेच. संध्याकाळी साध्या रांगेला किमान किती टक्के राखीव, हा आकडा नियमात लिहिला तरच त्या अटीला अर्थ.

---

पॅकेट_पारखी | बुध, १२:४१

@मनोरा +१. हा मुद्दा पुढच्या सल्लामसलतीत जसाच्या तसा जायला हवा.

---

सांधेवाला | बुध, १३:३०

त्यासाठी सूचना लिहिण्याची पद्धत इथेच ठेवतो.

ट्राय सल्लामसलत-पत्र काढतं तेव्हा सूचनांना साधारण चार आठवडे आणि प्रतिसूचनांना आणखी दोन आठवडे असतात. प्रतिसूचनांचा टप्पा सोडू नका. तोवर कंपन्यांची उत्तरं संकेतस्थळावर आलेली असतात आणि त्यांच्या दाव्यांना मुद्देसूद उत्तर देता येतं. प्रश्नाचा क्रमांक टाकून त्याच प्रश्नाचं उत्तर लिहा. डिसेंबर २०१५मध्ये फेसबुकच्या मोहिमेतून लाखो एकसारखे ईमेल गेले, पण त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती, असं ट्रायनेच कळवलं होतं. दोन परिच्छेद चालतील, पण आकडा आणि मागणी स्पष्ट हवी.

सूचना नावासकट प्रसिद्ध होते. एप्रिल २०१५मध्ये दहा लाखांवर लोकांचे ईमेल पत्ते उघड झाले होते, तेव्हा वेगळा ईमेल पत्ता वापरा आणि मजकुरात फोन नंबर घालू नका.

माझ्या मसुद्यात तीन मागण्या आहेत: ७० टक्क्यांवर भरलेल्या दुव्यांची तिमाही आकडेवारी जाहीर करणं, रहदारी व्यवस्थापनाच्या पद्धतींची यादी, आणि @मनोरा यांनी सुचवलेला साध्या इंटरनेटचा राखीव वाटा. ७० हा आकडा चर्चेसाठी मी धरलाय. नेटवर्क चालवणाऱ्यांनी तो तपासून द्यावा. @मनोरा, प्रत्यक्षात क्षमता वाढवायचा निर्णय कितीला घेतात?

---

मनोरा | बुध, १४:०५

सरासरीवर ठरवू नका, ती फसवते. रात्रीच्या गर्दीच्या तासातला पाच-पाच मिनिटांचा भार घ्या आणि त्यातल्या ९५व्या शतमकावर (९५ टक्के मोजण्या ज्याच्या खाली असतात त्या आकड्यावर) ७० धरा. दिवसभराची सरासरी घेतली तर रोज रात्री तुंबणारा दुवाही ४५ टक्क्यांवर दिसेल.